जेवणाच्या खुर्च्या घेताना चांगलं डिझाइन कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की नव्या घरासाठी जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या घ्यायच्या आहेत, सोबत सत्तरीच्या आई असतात, दुकानात सगळंच छान दिसतं. मग चांगलं डिझाइन ओळखायचं कसं, आणि ‘डिझायनर’ म्हणून दुप्पट पैसे मोजावेत का?

आधी आईंना दुकानात सोबत न्या. फोटो दाखवून पसंती घेऊ नका.

मी अठरा वर्षं फर्निचरचं काम करतो. सुरुवातीच्या काळात स्वतःच्या घरासाठी सहा खुर्च्या केल्या होत्या. सागवान, सांधे पक्के, पॉलिश मी स्वतः केलेलं. बैठकीची उंची ४६ सेंटिमीटर ठेवली, कारण पुस्तकात तेच माप होतं. माझ्या आईची उंची पाच फुटांना थोडी कमी. ती बसली की चवडे टेकायचे, टाचा अधांतरी राहायच्या. ती काही बोलली नाही. महिनाभरानं खाली पडलेला चमचा उचलायला वाकलो, तर टेबलाखाली तिनं जुना पाट सरकवून ठेवलेला दिसला, पाय ठेवायला.

तो पाट मी बाहेर काढून नीट पाहिला. एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, बस. पण त्या पट्ट्यांमुळे फळी वाकत नाही, जमिनीच्या ओलीपासून वर राहते आणि उचलताना बोटं आत जायला जागा मिळते. त्या दोन पट्ट्या काय काय करतात, हे इतकी वर्षं त्यावर बसूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

४६ सेंटिमीटरची गोष्ट अशी आहे की ते माप पायात बूट घालून बसणाऱ्या, आपल्यापेक्षा उंच माणसांचं आहे. आपण घरात चपला काढतो, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर तिथेच गेले. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईचं गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचं अंतर साधारण ३८ सेंटिमीटर भरतं. बैठक त्याहून बरीच उंच असली की मांडीचा सगळा भार पुढच्या कडेवर येतो आणि पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. मी सहाही खुर्च्यांचे पाय सहा-सहा सेंटिमीटर कापले. मग टेबल उंच वाटायला लागलं, आईचा हात ताटापर्यंत खांदा उचलून जायचा, म्हणून टेबलही ७५ वरून ७० वर आणलं. बैठक आणि टेबलाचा वरचा भाग यांत २८ ते ३० सेंटिमीटर अंतर असलं की हातानं जेवताना कोपर मोकळं राहतं. माझी उंची पाच फूट नऊ इंच, तरी मला त्या खुर्च्यांवर अडचण होत नाही. उंच माणूस पाय थोडे पुढे घेऊन बसतो, बुटक्या माणसाला तसा पर्याय नसतो.

बैठक पुढून मागे किती खोल आहे, तेही बघा. आईंना पाठ टेकवून बसवा. गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर त्या पाठ टेकणारच नाहीत, कायम कडेवर बसतील. पुढची कड गोलसर हवी. हात फिरवून कळतं.

१९५८ साली अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सगळ्यात जास्त भावला तो आपला तांब्या, आणि त्यावर त्यांनी नुसती प्रश्नांची रांग लावली आहे: रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासायला सोपा आहे का, खाली ठेवताना आवाज कसा येतो, मोडीत विकताना काय मिळतं. मला आजही कुठलीही वस्तू पारखायची ही सगळ्यात चांगली रीत वाटते. खुर्चीलाही असेच प्रश्न विचारा. ओल्या फडक्यानं पुसता येते का? फरशीवर ओढली की खालच्या घरात आवाज जातो का? आई ती एका हातानं मागे सरकवू शकतात का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. भरीव शिसवाची खुर्ची दिसते देखणी, पण म्हाताऱ्या माणसाला ती टेबलापासून हलवता येत नाही.

मग खुर्ची उलटी करा. दुकानदाराला आवडो न आवडो, करा. खरं काम खालीच दिसतं. आपण मागे रेलतो तेव्हा सगळा ताण मागचा पाय आणि बैठकीची चौकट जिथे जुळतात तिथे येतो. तिथे लाकडात लाकूड खोचलेलं असेल किंवा मजबूत बोल्ट असेल आणि तो परत आवळता येत असेल, तर खुर्ची टिकेल. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डात नुसता स्क्रू असेल तर घेऊ नका. तो एकदा सैल झाला की परत धरत नाही, आणि पावसाळ्यात बोर्ड फुगतो तो वेगळाच.

आवळता येण्यावरून आठवलं. मुंबईतल्या इराण्याकडच्या त्या काळ्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवतात? त्या घडणीचं मूळ म्हणजे युरोपातले फर्निचर कारागीर मिखाएल थोनेट यांची १४ नंबरची खुर्ची, १८५९ सालची. बीच नावाच्या युरोपी झाडाच्या लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात खुर्ची तयार. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, जिथे पोहोचतील तिथे जोडायच्या. ती खुर्ची इतकी वर्षं टिकली याचं कारण मला तिच्या वळणापेक्षा त्या दहा स्क्रूंमध्ये दिसतं. ढिली झाली की कुणीही आवळू शकतं.

मांडवातली प्लास्टिकची खुर्चीही मी मनापासून चांगलं डिझाइन मानतो. एका साच्यातून एकसंध निघते, एकीत एक बसते, पाणी निथळून जातं, लहान मूलही उचलतं. तिचं दुखणं एवढंच की उन्हानं ठिसूळ झाली आणि पाय तडकला की दुरुस्ती नाही. गावाकडे लोक भोकं पाडून तारेनं शिवतात, तेवढंच.

आता दुप्पट पैशांचं. नावासाठी देऊ नका. सध्या दुकानांत उलट्या ‘व्ही’सारख्या पायांच्या, वेत विणलेल्या खुर्च्या खूप दिसतात. त्या चंडीगडसाठी स्विस वास्तुरचनाकार पियेर जानेरे यांनी १९५० च्या दशकात केलेल्या खुर्च्यांच्या नकला आहेत. मूळच्या खुर्च्या सागवान आणि वेताच्या, सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या आणि आता परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जातात. वेत आपल्या हवेला उत्तम, पाठीला घाम येत नाही. पण ती कामाला बसायची खुर्ची. तिचे हात तुमच्या टेबलाखाली जातात का, हे मोजल्याशिवाय घेऊ नका. भरीव लाकूड, दुरुस्त होणारे सांधे, अंगाला बसणारं माप यांसाठी जास्त पैसे पडत असतील तर जरूर द्या.

आणि चारही खुर्च्या एकसारख्या हव्यातच असं नाही. आईंसाठी हात असलेली एक घ्या, उठताना त्यांना रेटा द्यायला आधार लागेल. बाकीच्या बिनहाताच्या आणि जरा रुंद घ्या, म्हणजे मांडी घालून बसता येईल. आपण बसतोच तसे.

दुकानात टेप घेऊन जा. ‘हे स्टँडर्ड माप आहे’ असं उत्तर आलं तर पाय कापून मिळतील का ते विचारा. भरीव लाकडाचे असतील तर कुठलाही सुतार सकाळभरात कापून, खालच्या कडा घासून देतो. पाय तिरके असतील तर त्याला चारही बुडं जमिनीच्या पातळीत कापायला सांगा. लोखंडी पोकळ पाय असतील तर आधी बघा, बुडाला लावायच्या रबरी टोप्या त्या मापात मिळतात का.