सीआरपी वाढलेला आहे म्हणजे बाळंतपण लवकर होणार का?

ताई, तुमच्या वहिनींना पाचवा महिना आहे आणि सीआरपी (शरीरात कुठं दाह, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) 9 आला म्हणून घरात सगळे धास्तावलेत, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या आकड्यावरून बाळ लवकर येईल असं कुणीच सांगू शकत नाही. गरोदरपणात सीआरपी आणि पांढऱ्या पेशी थोड्या वाढतातच. सर्दी, हिरड्यांची सूज, वाढलेलं वजन, यानंही तो आकडा चढतो.

शंका मात्र अगदी निराधार नाही. 37 आठवड्यांच्या आत होणाऱ्या बऱ्याच प्रसूतींच्या मागे जंतुसंसर्ग आणि दाह असतो. दाहामुळे प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं रसायन वाढतं, गर्भाशयाचं तोंड मऊ पडतं, कळा सुरू होतात. गर्भजलातलं (बाळाभोवतीच्या पाण्यातलं) इंटरल्यूकिन-6 हे दाहात वाढणारं प्रथिन रक्तातल्या सीआरपीपेक्षा जवळची खूण आहे, पण त्यासाठी पोटातून सुई घालून पाणी काढावं लागतं. ती काही नेहमीची तपासणी नव्हे.

मी म्हणेन, सीआरपी पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. लघवीची कल्चर तपासणी (लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी) करा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडतं आणि लघवीचा संसर्ग लक्षणांशिवायही असू शकतो, तो औषधानं बरा होतो. डॉक्टरांना गर्भाशयमुखाची लांबी योनीमार्गे सोनोग्राफीत मोजायला सांगा. 25 मिमीपेक्षा कमी असेल तर प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक औषध म्हणून देता येतं. आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल तर तेही आवर्जून सांगा.

पाणी गेलं, रक्त दिसलं, पोट ठरावीक अंतरानं कडक होऊ लागलं किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता सिव्हिलला किंवा नाव घातलंय तिथं गाठा.