कपडे बघून क्लास ओळखू नका

प्रश्न : आम्ही मित्र डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन खेळायचा काल्पनिक जगाचा खेळ) खेळतो, फिफ्थ एडिशन. सध्या सगळेच 'ऑर्डर ऑफ द स्टिक' हा काडीमाणसांचा वेबकॉमिक वाचतोय आणि कोणाचा क्लास (म्हणजे पात्राचा पेशा) कुठला यावर पैजा लागतात, मी दरवेळी हरतो. त्यातल्या बेल्कारला मी रोग (Rogue, चोर-लबाड छाप क्लास) म्हटलं. बुटका हाफलिंग, हातात दोन खंजीर, अजून काय असणार? काही ट्रिक आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी ते फिफ्थ एडिशनचं पुस्तक बाजूला ठेवा. कॉमिक 2003 ला सुरू झाला, 3.5 चे (डी अँड डीच्या जुन्या आवृत्तीचे) नियम पण त्याच वर्षीचे, आणि पहिल्याच स्ट्रिपचा जोक हा आहे की सगळी टोळी जुन्या नियमांवरून 3.5 वर येते. त्यामुळे अंदाज लावायचा तो 3.5 च्या हिशोबानेच. मूळ प्लेअर्स हँडबुकात 11 क्लास, त्यातच बहुतेकांचं भागतं.

आता बेल्कार. तो रेंजर, म्हणजे रानावनातला लढवय्या. 3.5 मधला रेंजर दुसऱ्या लेव्हलला धनुष्य नाहीतर दोन हातांत दोन हत्यारं यातलं एक निवडतो, म्हणजे तुम्ही ज्या खंजिरांवरून रोग म्हणालात ते रेंजरलाही शोभतात. मग स्पेल (मंत्र) का मारत नाही? तर रेंजरला अगदी पहिल्या पातळीच्या स्पेललाही विजडम (शहाणपणाचा आकडा) 11 लागतो आणि या पठ्ठ्याकडे तेवढाही नाही, जे त्याचं वागणं बघून कोणालाही पटेल. वर थोडा बार्बेरियन (रानटी योद्धा) पण आहे, म्हणून ते पिसाळणं. टोळीतली रोग म्हणजे हेली.

माझं मत विचाराल तर पात्र काय करतं यापेक्षा त्याला काय जमत नाही ते बघा, क्लास तिथेच पकडला जातो. टोळीतला वार्सूव्हियस उर्फ व्ही घ्या, एवढा तगडा विझर्ड (जादूगार), पण अख्खी टोळी पायी नाहीतर जहाजाने फिरते, झटकन टेलिपोर्ट का नाही? कारण व्हीचं स्पेशलायझेशन इव्होकेशनमध्ये, स्फोट-बिट सगळं जोरात, आणि 3.5 मध्ये असं स्पेशलायझेशन घेतलं की दुसऱ्या दोन स्कूलवर (जादूच्या शाखांवर) पाणी सोडावं लागतं. व्हीने सोडल्या त्या कॉन्ज्युरेशन आणि नेक्रोमन्सी, आणि टेलिपोर्ट नेमका कॉन्ज्युरेशनमध्ये येतो! लेखकाने ही अडचण कथेत मस्त वापरलीय, उगाच नियम म्हणून चिकटवलेली नाही.

प्रश्न : कॉमिकमधली मिको पॅलाडिन (देवाच्या नावाने लढणारी योद्धा) आहे की मंक (हातापायांनी लढणारी साधक)? (स्पॉयलर चालतील, मी तिथपर्यंत वाचलंय.)
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही. ज्यांनी नाही वाचलं त्यांनी पुढच्या प्रश्नावर जा. क्रम आधी मंक, मग पॅलाडिन, आणि आता पॅलाडिन सोडून दुसरीकडे लेव्हल घेतली तर 3.5 मध्ये परत पॅलाडिनच्या लेव्हल मिळत नाहीत. तिने लॉर्ड शोजोला मारलं तेव्हा देवांनी पॅलाडिनची ताकद काढून घेतली, घोडा विंडस्ट्रायकर पण गेला. पण मंक म्हणून शिकलेलं कुठे जातं, ते राहतंच, त्यामुळे शक्ती गेल्यावरही बाई भारीच पडते. तुम्हाला गोंधळ वाटला तो इथेच असणार.

प्रश्न : कॉमिकमधला खलनायक झायकॉन विझर्ड ना? लिच (मेल्यावरही वावरणारा जादूगार) आहे म्हणजे असणारच.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सॉर्सरर. लिच व्हायला तगडा स्पेलकास्टर असलात की झालं, विझर्डच पाहिजे असं काही नाही. विझर्ड सकाळी पुस्तक उघडून दिवसाचे स्पेल ठरवतो, सॉर्सररला मोजकेच स्पेल येतात पण तेच परत परत मारता येतात, आणि झायकॉन पुस्तक घेऊन अभ्यास करतोय अशी कल्पना तरी करता येते का? विझर्ड लोकांचा तर त्याला रागच आहे.

प्रश्न : टोळीतल्या एलानचा नवा क्लास पुस्तकात सापडत नाही.
— एक वाचिका, पुणे

उत्तर : सापडणारच नाही, डॅशिंग स्वोर्ड्समन हा लेखकाने स्वतः बनवलेला प्रेस्टिज क्लास (नंतर घ्यायचा खास क्लास) आहे, मूळचा एलान बार्ड (गाण्यातून जादू करणारा). त्याचा जुळा भाऊ नेल फायटर, रोग आणि सॉर्सरर अशी खिचडी, त्यातही भर एन्चांटमेंटवर (मन वश करणाऱ्या जादूवर). एवढा खटाटोप करून हाती काय लागलं, तर साधारण बार्डच की, आणि हे त्याला कॉमिकमध्येच ऐकून घ्यावं लागतं. पैजेत हे दोघे आले तर पैसे लावू नका.