पित्ताशय जागेवरच आहे

मावशी,
वय ३१. २०१९ मध्ये पुण्यात वजनाचं ऑपरेशन केलं, स्लीव्ह (जठर कापून लहान करतात ते). तेव्हा ११२ किलो होते, दीड वर्षात ७१ वर आले. २०२२ ला लग्न झालं, आता साताऱ्यात असते. वजन परत ९४ झालंय. रात्री आंबट पाणी घशाशी येतं, दोन उशा घेऊन झोपते. डॉक्टरांनी रिव्हिजनचा, म्हणजे पुन्हा ऑपरेशनचा पर्याय सांगितला, स्लीव्हचं जठराचं बायपास करायचं. करू की नको? खर्चासाठी आईच्या पाटल्या मोडू. सासरी कळू द्यायचं नाही (पोटावरचे व्रण पित्ताशयाच्या ऑपरेशनचे आहेत असं लग्नाच्या वेळी सांगितलंय), म्हणून आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे असं सांगून पंधरा दिवस माहेरी जाईन. नवरा चांगला आहे, वजनावरून कधी बोलत नाही. दोघांनाही मूल हवंय. माझ्यातच चिकाटी नाही असं वाटतं.
– पुन्हा तिथेच

अगं, किलोंचे आकडे मी भराभर वाचले आणि त्या कंसापाशी अडले. तुझ्या नवऱ्याच्या लेखी तुला पित्ताशयच नाही.

आता रात्रीचे दोन वाजलेत असं समज. तुझ्या पोटात कळ उठली. वजन झपाट्याने उतरलेल्या माणसाला पित्ताचे खडे होणं हे अगदी नेहमीचं आहे. थाप मारतानाही तुम्ही नेमकी खरी होऊ शकेल अशीच निवडलीत. नवरा तुला गाडीत घालून हॉस्पिटलात नेतो. डॉक्टर विचारतात, आधी काही ऑपरेशन? तू कळवळतेयस, म्हणून तोच सांगतो, “हो, पित्ताशय काढलंय.” अगदी खात्रीने. झालं, डॉक्टर भलतीकडे शोधायला लागले. मग सोनोग्राफीवाला म्हणतो, “काढलंय कुठे? जागेवरच आहे की.” आणि तुझा नवरा तिथेच उभा आहे.

हे झालं आजच्या पोटाचं. बायपासमध्ये जठराची लहानशी थैली करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. या जोडाजोडीत आत फटी राहू शकतात आणि काही वर्षांनीसुद्धा त्यात आतडं अडकतं, पिळा पडतो. तेव्हा प्रश्न तासांचा असतो. शिवाय आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्या लागतात, कारण जोडापाशी अल्सर होतो. अंग दुखतंय म्हटल्यावर सासूबाई प्रेमाने डब्यातली गोळी काढून देतील, तेव्हा काय सांगणार आहेस? पित्ताशयवाल्यांना चालत नाही?

आणि ही थाप तुझ्या ताटातही बसली आहे. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून जास्त, काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. अशा पोटाच्या बाईला ताटावर म्हणता आलं पाहिजे, “आई, अर्धीच पोळी. आधी उसळ खाते. पाणी अर्ध्या तासाने पिते.” तुला तसं म्हणता येत नाही, कारण पित्ताशय काढलेली बाई चार दिवसांनी सगळ्यांसारखी जेवते. मग तू लिहिलं नाहीस तरी मला दिसतं: ताटावर चिवडल्यासारखं करायचं आणि चार वाजता ओट्यापाशी उभ्याने, चहात बुडवून, एकामागून एक बिस्किटं. भिजलेलं बिस्कीट त्या नळीतून सरकन उतरतं. पोट भरत नाही, वजन मात्र चढतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे कायमचं घ्यायला सांगितलं होतं ना? रोजच्या त्या गोळ्या कपाटात दिसल्या की विचारणा होणार, म्हणून त्याही सुटल्या असतील. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. नाहीतर उद्या सकाळी रक्त तपासायला दे. बी-१२ बरेच दिवस कमी राहिलं तर नसांना इजा होते आणि ती कधी कधी भरून येत नाही.

चिकाटीचं म्हणशील, तर दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येणं पुष्कळांच्या बाबतीत होतं. शरीर हरवलेलं वजन शोधत फिरतं, भूक वाढवतं. त्यासाठी स्वतःला कोसू नकोस.

आता आई. तुझ्या पत्रातली आई म्हणजे पाटल्या आणि पंधरा दिवसांची शुश्रूषा. मला खरा राग तिचाच आला. तू “सांगितलंय” लिहिलंस, “मी सांगितलं” नाही लिहिलंस. बैठकीत कोण बोलतं आणि कोण पोह्यांच्या बशा घेऊन उभं असतं, हे मलाही ठाऊक आहे. पंचवीस वर्षांच्या पोरीचं पोट कापून घेण्याइतका धीर या घराकडे होता, एक वाक्य खरं बोलण्याइतका नव्हता. आणि आता आणखी एक थाप शिजतेय, यावेळी तिच्याच डोळ्यांवर.

“चांगल्या” नवऱ्याचंही मला फार कौतुक नाही. बायको दोन उशांवर झोपते, ताटावरून अर्धपोटी उठते आणि याला काहीच विचारावंसं वाटत नाही? न बोलणं हा नेहमीच चांगुलपणा नसतो, कधी तो नुसता आळस असतो.

ऑपरेशनचं विचारलंस. आंबट पाणी वर येणं हे स्लीव्हचं बायपास करण्याचं एक रास्त कारण आहे, तेव्हा डॉक्टर काही वावगं सांगत नाहीत. आधी एंडोस्कोपी होऊ दे. पण दुसऱ्या खेपेला आत सगळं चिकटलेलं असतं, गळतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त आणि उतरणारं वजन बहुधा कमी. वजन उतरवणारी, आठवड्याला एक घ्यायची टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळतात, त्याबद्दलही विचार. (तीही फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. सासूबाईंच्या विरजणाशेजारी.) मूल हवं असेल तर बायपासनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. तेवढे महिने नवऱ्याला कोणती सबब देणार? आणि मूल आधी हवं असेल तर इंजेक्शनही चालत नाही, म्हणजे तिथेही तोच माणूस लागणार.

म्हणून करू की नको याचं उत्तर मी देणार नाही. जो माणूस तुला रात्री दोनला गाडीत घालणार आहे, त्याला ठाऊक नसताना टेबलावर चढायचं नाही, एवढंच.

या रविवारी पुण्याला जा. आईच्या कपाटातून २०१९ ची फाईल काढ, डिस्चार्ज कार्डासकट. परत येऊन नवऱ्याला घेऊन घराबाहेर पड. अजिंक्यताऱ्यावर जा, कुठेही जा, फक्त सासूबाईंच्या कानाआड. फाईल त्याच्या हातात दे आणि म्हण, “माझं पित्ताशय काढलेलं नाही. हे झालं होतं. लग्नाच्या वेळी खोटं सांगितलं, आणि तीन वर्षं मी ते तसंच ठेवलं.” आईवर ढकलू नकोस, तो हिशेब तिचा तिच्याशी कर. नवरा चिडेल. फसवलं म्हणेल. ते खरंच आहे, ऐकून घे. चार दिवस बोलणार नाही कदाचित, तर न बोलो, त्याची सवयच आहे. पाचव्या दिवशी डॉक्टरांची वेळ घे, दोघांची.

आणि पुण्याहून निघताना आईला सांग, मोतीबिंदू रद्द.