मागचा स्ट्रट बार लावल्याने घाटात हॅचबॅक स्थिर होते का? समुद्राजवळ तो कसा बसवावा?

तुमची सात वर्षांची हॅचबॅक आहे, दर आठवड्याला आंबा घाटातून रत्नागिरी–कोल्हापूर फेरी होते, वळणावर मागची बाजू सैल वाटते आणि डिकीचा दरवाजा कुरकुरतो, असं तुम्ही लिहिलंय. मित्राने स्ट्रट बार, म्हणजे मागच्या दोन शॉकअपची वरची टोकं जोडणारा आडवा दांडा, सुचवलाय. बार घेण्याआधी गाडीखाली वाकून मागचं सस्पेन्शन बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा तुळईसारखा भाग) असतो. स्प्रिंग बीमवर वेगळी बसते, शॉकअप वेगळा. गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट खालच्या चेसिसपट्टीत जातं. शॉकअपच्या वरच्या टोकाला फक्त शॉकअपचाच जोर पोचतो, म्हणून ती दोन टोकं जोडणाऱ्या बारला काम कमी उरतं. ज्या गाडीत स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असते, तिथे सगळा भार टॉवरवर (बॉडीत शॉकअपचं वरचं टोक बसतं त्या जागेवर) येतो आणि बारचा फरक जास्त जाणवतो. हॅचबॅक आणि वॅगनच्या बॉडीला मागे मोठा दरवाजा असतो, सेडानसारखा सीटमागचा आडवा पत्रा नसतो. त्यामुळे बॉडी थोडी पिळवटते. बार अडवतो ते हे पिळवटणं. वळणावर गाडी कलणं त्याने कमी होत नाही, त्याला अँटी-रोल बार लागतो, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारा दांडा.

सात वर्षांच्या गाडीत मला पहिला संशय बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर), शॉकअप आणि टायरवर येतो. शॉकअपवर तेल ओघळलंय का, बीमच्या बुशचं रबर चिरलंय का, ते बघा. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष). मूळचेच टायर असतील तर आधी ते बदला. यातलं काही खराब असेल तर बारने ते झाकलं जाणार नाही, उलट ओल्या घाटात फसगत होईल.

एवढं ठीक असेल तर मोजून बघा, खर्च जवळजवळ शून्य. वायरिंगचा २५ मिमी पीव्हीसी पाइप आणि त्यात सरकणारा २० मिमीचा पाइप घ्या. एकाचं टोक डाव्या टॉवरला, दुसऱ्याचं उजव्या टॉवरला घट्ट बांधा. आतल्या पाइपवर केबल टाय आवळून तो बाहेरच्या पाइपच्या तोंडाला टेकवा आणि नेहमीच्या वेगाने घाट चढून-उतरून या. टाय जितका सरकला तितके टॉवर एकमेकांजवळ आले. अर्धा मिलिमीटरही सरकला नसेल तर माझं स्पष्ट मत : बार घेऊ नका, तो पैसा शॉकअपवर घाला.

आता बसवणं. पाइप कितीही जाड असो, बार कामाला येतो तो टोकांच्या पकडीमुळे. २५ ते ३२ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा लोखंडी पाइप पुरतो. ब्रॅकेटची पट्टी ४–५ मिमी हवी, आणि बार शक्य तितका सरळ. सीटला वळसा घालणारा कमानदार बार ताणाखाली वाकतो. ब्रॅकेट आणि बॉडी यांच्यामध्ये रबर घालू नका. आवाज जाईल, पण बारचं कामही जाईल.

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं टेकलेली. जॅकवर घेऊन शॉकअपचा वरचा नट काढला तर बीम खाली लोंबकळून स्प्रिंग निसटू शकते. एका वेळी एकच बाजू उघडा. शॉकअपवर स्प्रिंग असलेल्या गाडीत फक्त बाहेरचे माउंटिंग नट काढायचे. मधला नट कधीही सैल करायचा नाही, त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते आणि ती जिवावर बेतते. पट्टी बसल्यावर नटाबाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत, नाहीतर पकड अपुरी आहे. टॉर्क (नट आवळण्याचा जोर) गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे द्या. स्वतंत्र जोडबोल्ट ८.८ ग्रेडचे (डोक्यावर तसा आकडा असतो) असतील तर एम८ ला, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टला, साधारण २५ आणि एम१० ला ४५–५० न्यूटन-मीटर. सगळं आधी हाताने लावा, बारची लांबी कमी-जास्त करणारी मधली फिरकी हाताने ढील जाईपर्यंत फिरवा, वर पाव फेरा, बस्स. जास्त ताणली तर टॉवर बाहेर ढकलले जातात आणि डिकीचं लॅच जुळेनासं होतं. मग लॉकनट, शेवटी टॉर्क.

काही गाड्यांत शॉकअप चाकाच्या कमानीतून बोल्टने लागतो, डिकीत स्टड (नट लावायचं आट्यांचं टोक) निघतच नाही. तिथे कारागीर सीटबेल्टच्या बोल्टवर ब्रॅकेट चढवायला बघतात. नको. तो बोल्ट बहुधा ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. एम१२ जबरदस्तीने घातला की आतले आटे गेले, आणि अपघातात बेल्टच उपटून येईल. पत्र्याला भोक पाडणं अटळ असेल तर पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो हे ध्यानात ठेवून मागून ३ मिमीची निदान ५० × ५० मिमीची पट्टी द्या.

किनाऱ्यावर खरा शत्रू गंज. भोकाची कड घासून झिंक प्रायमर, रंग आणि वरून सीलंट, तिन्ही त्याच दिवशी. नाहीतर चाकाने उडवलेलं पाणी भोकातून आत येतं, डिकीच्या गालिच्याखाली साचतं आणि टॉवर आतून खातं. बाहेरून काही दिसत नाही. अॅल्युमिनियमचा बार देखणा असतो, पण लोखंडी ब्रॅकेटशी उघडा टेकला आणि खारी हवा लागली की सांध्यात पांढरी पूड धरतो. सांध्यात रंगाचा थर आणि नायलॉन वॉशर हवाच. मी रत्नागिरीत तरी रंगवलेला लोखंडी बारच निवडेन. बोल्ट झिंकचा मुलामा दिलेले, आट्यांना ग्रीस.

डिकीत सीएनजी टाकी असेल तर बार टाकीच्या फ्रेमला कधीच जोडू नका. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी (पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्यासाठी) टाकी बाहेर काढावी लागते, तेव्हा बार दोन पान्यांत सुटला पाहिजे. वेल्डिंग तर अजिबात नको. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

२००–३०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये गालिचा उचलून टॉवरचा पाया बघा. पहिल्या पावसात घाट उतरताना वेग आधीपेक्षा कमीच ठेवा : मागची बाजू कडक झाली की पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीची शेपटी ओल्या वळणावर लवकर सुटू शकते, आणि मागचे टायर झिजलेले असतील तर नक्कीच.