ब्लूज रॉकचे कोणते अल्बम ऐकावेत, आणि त्यांतला ठेका हाताला कसा लागतो?

तुम्ही विचारलंय की पाच सुरांचं पेंटाटोनिक स्केल घोटून झालं, आवाज जाड-खरखरीत करणारं ट्यूब स्क्रीमर पेडलही घेतलं, तरी वाजवलेलं कोरडं का लागतं. आणि रेकॉर्ड ऐकताना पाय हलतो तसा स्वतःच्या वाजवण्यावर का हलत नाही. पेडलवर आणखी पैसे घालू नका. दुखणं उजव्या हाताचं आहे, आणि त्याहून जास्त कानाचं. गिटारचे अल्बम म्हणून आपण त्यांत फक्त गिटार ऐकतो, ड्रम आणि बेस मागे कुठेतरी चालू असतात.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, एरवी ब्लूज. एकातून दुसऱ्यात जाताना मला फार जड जात नाही, याचं श्रेय हींचला. सहा मात्रांचा हा ताल इथल्या पोरासोरांच्याही पायात असतो. ब्लूजच्या शफल नावाच्या ठेक्याशी त्याचं काही घराणं जुळत नाही, पण हिशेब जवळचा आहे. शफलमध्ये एका ठोक्याचे तीन भाग पाडायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. तोंडाने म्हणून बघा: धा ऽ ना, धा ऽ ना, धा ऽ ना. पायाने फक्त ‘धा’ धरा. आता ‘ना’ थोडा लवकर टाका, चाल सपाट होईल. फार उशिरा टाका, लंगडायला लागेल. सगळा डौल या दोन्हींच्या मधल्या चिमूटभर जागेत आहे, आणि प्रत्येक चांगला ड्रमर ती जागा आपापल्या हिशेबाने धरतो.

दुसरी अडचण टाळीची. आपल्याला समेवर जोर द्यायची सवय. इथे चार मोजायचे आणि स्नेअर (ड्रमच्या संचातला कडक आवाजाचा ड्रम) पडतो २ आणि ४ वर. गाणं सुरू झालं की आपला हात आपसूक १ वर जातो आणि मग सगळं जड वाटतं. एक अख्खा अल्बम हातात गिटार न घेता, २ आणि ४ वर टाळी देत ऐका. कंटाळवाणं आहे, पण करा.

सुरुवात गिटारवादक स्टीव्ही रे वॉनच्या ‘टेक्सास फ्लड’पासून (१९८३). जॅक्सन ब्राउनच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत अवघ्या काही दिवसांत वाजवून मोकळे झालेले तिघे: वॉन, बेसवर टॉमी शॅनन, ड्रमवर ख्रिस लेटन. लोक सोलोसाठी ऐकतात, तुम्ही ‘प्राइड अँड जॉय’ गाण्यामागची गिटार ऐका. जाड तारांवर बेसची चाल पिकच्या खालच्या फटक्याने चालू आहे, आणि ‘ना’च्या जागी बारीक तारांवर वरचा फटका. डाव्या हाताची बोटं बाकीच्या तारांवर नुसती टेकलेली, त्यामुळे सुरापेक्षा खर्रकन आवाजच जास्त. म्हणजे एकच माणूस बेस, कॉर्ड आणि अर्धा ड्रम वाजवतोय. हात मात्र थांबत नाही. तार लागो न लागो, वरखाली चालूच. तुमचा हात बहुधा कॉर्ड नसते तिथे थांबत असेल. वॉन बहुतेकदा ०.०१३ इंचाची पहिली तार लावायचा आणि गिटार अर्धा सूर खाली उतरवायचा. त्या जाड तारांच्या नादी लागू नका, बोटं सोलून निघतील.

मग ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ (१९६७). मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीची रेकॉर्ड, मागे ड्रमवर अल जॅक्सन ज्युनिअर, बेसवर डक डन. हेच शीर्षकगीत क्रीम या ब्रिटिश बँडने ‘व्हील्स ऑफ फायर’मध्ये (१९६८) वाजवलंय. दोन्ही लागोपाठ ऐका. रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरांची ओळ) तीच, पण क्रीमचं वजनदार आणि भरगच्च, स्टॅक्सचं मोकळं. माझं मत विचाराल तर पाय स्टॅक्सच्याच रेकॉर्डवर हलतो, क्रीमवर नुसती मान. इथल्या काही मित्रांशी यावरून माझं कायमचं वाजलेलं आहे.

न वाजवण्याचा धडा हवा असेल तर फ्री या बँडचा ‘फायर अँड वॉटर’ (१९७०). ‘ऑल राइट नाउ’च्या कडव्यांत बेस चक्क गप्प आहे. गिटार आणि ड्रम दोघंच चालतात, आणि ध्रुवपदाला अँडी फ्रेझरचा बेस शिरतो तेव्हा गाणं एकदम फुगतं. हाच बेस आधीपासून चालू असता तर त्या जागेला काही मोल उरलं नसतं. झेडझेड टॉप या बँडच्या ‘ट्रेस होम्ब्रेस’मध्ये (१९७३) ‘ला ग्रेंज’ची सुरुवातही अशीच काटकसरीची: गिटारची बूगी (शफलसारखी घोळत जाणारी चाल) आणि स्नेअरच्या कडेवरची टिकटिक, बस्स.

ऑलमन ब्रदर्स बँडचा ‘अॅट फिलमोर ईस्ट’ (१९७१) शेवटी ठेवा. दोन ड्रमर आहेत, आणि ‘व्हिपिंग पोस्ट’ची सुरुवात अकरा मात्रांची, ३-३-३-२ अशी. तबला शिकलेल्याला मजा येईल. नवशिक्याने तिथून सुरुवात केली तर मोजण्यातच जीव जाईल.

रियाझासाठी एकच सुचवतो. मेट्रोनोम ५० वर लावा आणि त्याची प्रत्येक टिक १ न धरता २ आणि ४ धरा, म्हणजे प्रत्यक्षात चाल १०० ची होईल. सगळ्या तारा डाव्या हाताने दाबून बंद ठेवा, कॉर्ड नको, सूर नको, आणि नुसता धा ऽ ना वाजवा. पहिल्यांदा टिक कधी तुमच्यापुढे पळेल, कधी मागे राहील. ती तुमच्या फटक्याखाली लपायला लागली, वेगळी ऐकूच येईनाशी झाली, की मग ई सेव्हन कॉर्ड धरा.