सुपरपोझिशन म्हणजे द्विधा नव्हे

नागपूरच्याच एका वाचकाने विचारलंय: 'क्वांटम सुपरपोझिशन'ला 'द्विधावस्था' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. सुपरपोझिशन म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणाच्या शक्य असलेल्या अनेक अवस्था एकाच वेळी एकत्र असणं. धरमपेठेत पोह्याच्या ठेल्यावरही हल्ली ऐकू येतं, "तर्री पोहे घेऊ का सांबारवडी, मी सुपरपोझिशनमध्ये आहे!" अरे बाबा, तुझं नुसतं ठरत नाहीये. इलेक्ट्रॉनला काही ठरवायचं नसतं, आणि द्विधा मनासारखा तो दुभंगतही नाही.

हिंदी पाठ्यपुस्तकांतला 'अध्यारोपण' आपल्याकडचे काही जाणकारही पुढे करतात. शब्द देखणा आहेच. धातू 'रुह्', म्हणजे चढणं, उगवणं. त्यातूनच आरोह, रोप, रोपण, आणि आरोपसुद्धा. आरोप करणं म्हणजे एखाद्यावर काहीतरी चढवणंच की! 'रोपण'मधल्या 'प'चा 'व' झाला आणि आपलं 'रोवणे' तयार झालं. कोकणात भाताची लावणी होते, भंडारा-गोंदियात रोवणी. गुडघाभर चिखलात पऱ्हे रोवणाऱ्या बाईच्या तोंडी वेदान्त्यांच्या अध्यारोपाचा सख्खा भाऊ आहे, आणि परिभाषा घडवणाऱ्यांना त्याचा पत्ताच नाही!

पण अर्थ साफ उलटा. वेदान्तातला अध्यारोप म्हणजे दोरीवर दिसलेला साप. दिवा आणला की साप गेला, कारण तो नव्हताच. सुपरपोझिशनमध्ये असं खोटं काही नसतं. १९८९ साली जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडला, जायला वाटा दोन. पडद्यावर ठिपके विस्कळीत पडत गेले, हजारो साठल्यावर मात्र पट्टे उमटले. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकाच वाटेने गेला आणि ती फक्त आपल्याला ठाऊक नव्हती, असं असतं तर ते पट्टे दिसलेच नसते. म्हणून झाकलेल्या नाण्याचा दाखलाही चुकीचाच. त्याचा छापा-काटा आधीच ठरलेला असतो.

इथे दोन्ही वाटांची बेरीज होते, आणि बेरजेत वजा चिन्हही येतं. फुटाळा तलावात दोन दगड टाकले की काही जागी लाटा एकमेकींना खोडतात, तसंच. दोन पट्ट्यांमधल्या काळ्या जागी इलेक्ट्रॉन जवळपास पोचतच नाही.

तेव्हा माझा शब्द 'अवस्था-बेरीज'. पंडितांना तो घरगुती वाटत असेल तर त्यांनी खुशाल 'अधिस्थापन' लिहावं. पण वजा चिन्हाची सोय 'द्विधा'त कुठे आहे, ते आधी दाखवावं.