रेशनच्या गव्हाबरोबर भाजीचं कूपन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची संस्था पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत काम करते. रेशनवर धान्य घेणाऱ्या कुटुंबांना महिन्याला २०० रुपयांची भाजी-फळांची कूपनं सहा महिने द्यायची आणि त्यामुळे घरातलं जेवण खरंच बदलतं का, हे एका गृहविज्ञान महाविद्यालयाबरोबर तपासायचं असं ठरतंय. देणगीदार तयार आहे. २०० रुपये पुरेसे आहेत का? — एक कार्यकर्ती, पुणे ९

उत्तर : आधी कागदावर हिशेब मांडू. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५० ग्रॅम तृणधान्य सांगितलंय, म्हणजे महिन्याला साडेसात किलो. यातला दोन तृतीयांश भाग रेशन उचलतं. त्याच ताटात भाजी ४०० ग्रॅम आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला ६० किलो भाजी लागेल आणि तिथे रेशनचा हात अजिबात पोचत नाही.

तुमच्या २०० रुपयांत, सरासरी ४० रुपये किलोचा भाव धरला, तर ५ किलो भाजी येते. पाच माणसं आणि तीस दिवस यांत वाटली की माणशी रोज ३३ ग्रॅम. पालेभाजी असेल तर निवडून आणखी कमी. म्हणजे रोजच्या आमटीत मूठभर मेथी. ती नको असं कोण म्हणेल? पण अभ्यास म्हणून पाहिलं तर इथेच अडचण येते.

एका बाईच्या रोजच्या भाजीत दिवसागणिक आणि घरागणिक मोठा चढउतार असतो. हा चढउतार १५० ग्रॅम धरला (तुमचा खरा आकडा पहिल्या पाहणीतून काढा), तर ३३ ग्रॅमचा फरक खात्रीने दिसायला दर गटात (एक गट कूपनं मिळणाऱ्या घरांचा, दुसरा तुलनेसाठी न मिळणाऱ्यांचा) ३२४ घरं लागतात. वस्तीत गल्लीगल्लीने गट पाडले की एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून संख्या वाढवावी लागते. गल्लीत २० घरं आणि साम्य ०.०५ (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे अगदी सारखी) धरलं तर १.९५ पट. त्यातून १५ टक्के घरं मधेच सुटतील असं धरलं की दर गटात साधारण ७४३ घरं होतात. त्यांना सहा महिने २०० रुपये म्हणजे ८,९१,६०० रुपये.

आता कूपन ४०० रुपयांचं करा. अपेक्षित फरक ६६ ग्रॅम होतो. फरक दुप्पट झाला की लागणारी घरं एक चतुर्थांशावर येतात : ८१, आणि वरच्याच दोन वाढी धरून दर गटात १८६. खर्च ४,४६,४०० रुपये. कूपन दुप्पट, खर्च निम्मा! देणगीदाराला हे गणित पहिल्याच बैठकीत दाखवा, कारण ‘जास्तीत जास्त घरांना थोडं थोडं’ हा आग्रह नेहमी तिकडूनच येतो. आग्रह चांगल्या मनाने असतो, पण त्यातून कुणालाच काही कळत नाही आणि पुढच्या वर्षी पैसे थांबतात.

सगळी कूपनं जादा भाजीवरच गेली, असं मानून हा हिशेब केलाय. तसं पूर्णपणे कधीच होत नाही. जी भाजी घर एरवीही आणणार होतं तीच कूपनावर येते आणि सुटलेले पैसे गॅस नाहीतर वह्यांकडे वळतात. म्हणून १८६वर न थांबता दर गटात २५० घरं घ्या आणि प्रत्येक घराची एका दिवसाऐवजी तीन दिवसांची नोंद घ्या.

प्रश्न : अमेरिकेत सरकारी मदतीतून भाजी घेतली की काही पैसे परत मिळतात, असं ऐकलं. आपल्याकडे तसंच करता येईल का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : ऐकलंत ते बरोबर आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२मध्ये ही मोठी चाचणी झाली. मदत घेणाऱ्या ७,५०० घरांची चिठ्ठीने निवड झाली. कार्डावरून एक डॉलरची ठरलेली भाजी-फळं घेतली की ३० सेंट त्याच कार्डावर परत, महिन्याला कमाल ६० डॉलर. पांढरा बटाटा यादीत नव्हता. ज्यांना परतावा मिळाला ते इतरांपेक्षा या यादीतली भाजी-फळं रोज सुमारे पाव कप, म्हणजे २६ टक्के जास्त खात होते. २०१८च्या शेती कायद्यात अशा योजनांसाठी पाच वर्षांना २५ कोटी डॉलर ठेवले गेले.

मात्र तिथली मदत पैशाच्या रूपात कार्डावर येते आणि दुकानाच्या यंत्राला कशावर किती खर्च झाला ते दिसतं. आपल्या रेशन दुकानातलं यंत्र अंगठा आणि धान्याचं वजन नोंदवतं. भाजी घेतली जाते ती हातगाडीवर, रोख पैशांनी. तेव्हा परताव्याची कल्पना घ्यायची असेल, तर भाजीवाल्याच्या पातळीवर घ्यावी लागेल : २० रुपयांची भाजी घेतली की १० रुपयांचं कूपन चालेल, असं. यात घराचे स्वतःचे पैसे भाजीतच राहतात, पैसे दुसरीकडे वळणं कमी होतं. तोटा असा की ज्या घरात महिनाअखेरीला २० रुपयेच नसतात, ते घर बाहेर राहतं. पुण्यात करायचं तर निम्मी कूपनं बिनशर्त आणि निम्मी जोडीची, असं आम्ही सुचवू.

प्रश्न : कूपनं विकली जातात, भाजीवाले भाव वाढवतात, अशी भीती वाटते. कसं टाळावं? — एक विश्वस्त, येरवडा

उत्तर : कूपन कसं छापता आणि पैसे कधी चुकते करता, यावर निम्म्याहून जास्त गोष्टी ठरतात.

एक कूपन १० रुपयांचं, बसच्या तिकिटाएवढं. मोठी रक्कम छापली की सुट्ट्यांचा प्रश्न येतो आणि सुटे पैसे दिले की ते कूपन रोखच झालं. दर महिन्याचा रंग वेगळा, मुदत पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. क्रमांक दोनदा छापा, एकदा फाडून द्यायच्या भागावर आणि एकदा घरात राहणाऱ्या पुस्तिकेवर. पुस्तिकेवर घराचा तुमचा स्वतःचा क्रमांक टाका. आधारचा आकडा किंवा त्याची प्रत कुठेही ठेवू नका. मागच्या बाजूला चार चौकोन ठेवा : पालेभाजी, फळभाजी, शेंगा, फळ. भाजीवाल्या मावशीने पेनने फक्त एक फुली मारायची. गर्दीच्या वेळी याहून जास्त लिहिणं होत नाही. कांदा, बटाटा आणि लसूण यादीत घेऊ नका, नाहीतर कूपनांचा मोठा वाटा तिकडेच जाईल.

भाजीवाल्या पहाटे मार्केट यार्डात रोखीने माल उचलतात. महिनाअखेरीस पैसे देऊ म्हणालात, तर दुसऱ्या आठवड्यात कूपन घेणं बंद होईल किंवा १० रुपयांच्या कूपनावर ८ रुपयांची भाजी मिळू लागेल. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, त्यांच्या जागेवर जाऊन कूपनं मोजून पैसे द्या. दर शंभर रुपयांमागे २ रुपये जादा द्या, त्या हिशेब सांभाळतात त्याचे. एका वस्तीत किमान चार विक्रेते हवेत. एकच असला की भाव त्याच्या हातात जातो. शिवाय आठवड्यातून एकदा तुमच्या माणसाने पाच ठरलेल्या भाज्यांचा भाव कूपनवाल्या आणि बिनकूपनवाल्या गाड्यांवर विचारून लिहावा.

थोडी कूपनं विकली जाणारच. ज्या घरातून ती विकली जातात त्याला काढून टाकू नका. नोंद करा आणि कारण विचारा. बहुतेकदा उत्तर औषध किंवा भाडं असतं आणि अभ्यासाला ते उत्तर हवंच असतं.

प्रश्न : महाविद्यालयाच्या बाजूने विचारते. संस्थेबरोबर काम करताना आधी काय लिहून घ्यावं? मोजणी कशी करावी? — एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर : तीन गोष्टी लेखी. माहिती कुणाकडे राहील आणि नावं त्यातून कधी काढली जातील. निष्कर्ष काहीही आला, अगदी ‘फरक पडला नाही’ असा आला, तरी तो छापला जाईल. आणि कूपनं वाटणारी व्यक्ती मोजणीला जाणार नाही. तिसऱ्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ज्या ताईंनी काल कूपन दिलं, त्यांनीच आज ‘भाजी खाल्ली का?’ विचारलं, तर घरातली बाई नाही म्हणणार नाही. तो तिचा मान राखण्याचा भाग आहे, खोटेपणा नव्हे.

म्हणून ‘भाजी खाता का?’ हा प्रश्नच नको. काल सकाळच्या चहापासून क्रमाने विचारत या आणि वजनाऐवजी तिच्याच स्वयंपाकघरातली वाटी आणि डाव पुढे ठेवून माप घ्या. भाजी पातेल्यात किती झाली आणि तिच्या ताटात किती आली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेवटी जेवणाऱ्या बाईला बऱ्याचदा रस्साच उरतो. एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवारच्या दुसऱ्या दिवशी नोंद घेऊ नका.

नैतिकता समितीकडे संमतीपत्र मराठीत द्या आणि तुलनेच्या गटाला अभ्यास संपल्यावर तीच कूपनं मिळतील हे त्यात लिहा. पहिलं घर नोंदवण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी करा. तिला पैसे पडत नाहीत. पहिली पाहणी दिवाळीनंतर, कूपनं डिसेंबर ते मे आणि शेवटची मोजणी कूपनं चालू असतानाच, एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्यानंतर तुमच्या विद्यार्थिनी परीक्षेत असतात आणि वस्तीतली घरं गावी गेलेली असतात.

प्रश्न : एवढ्या खटाटोपापेक्षा रोख पैसेच का देऊ नयेत? — एक वाचक, हडपसर

उत्तर : द्यावेत, आणि शक्य असेल तर तिसरा गट रोख रकमेचाच ठेवावा. कूपनं छापणं, मोजणं, चुकती करणं यावर होणारा खर्च रोखीत वाचतो. त्या खर्चाच्या बदल्यात ताटात किती भाजी वाढते, हे पुण्याच्या वस्तीत शेजारी शेजारी मोजून पाहायला हवं. मात्र कूपनांच्या आणि रोखीच्या गटाला रक्कम सारखीच द्या.